तीन तोट्यांचा डब्बा

३ नोव्हेंबर, सोमवार

आज मी अन् माही आई इथं आलो. आई खुश आहे, मी बी खुश आहे. लिहून ठेवते, असे दिवस कमी येते.

दुसरबीडच्या थोडं पुढं, रोडले लागून हे घर. पहिलं लॉज होतं. नवा मोठा रस्ता झाला, इकडच्या गाड्या तिकडं गेल्या, लॉज बसलं. मग मालकानं त्याच्यात म्हातारी माणसं ठेवणं सुरू केलं. मालक उद्धवसाहेब, बुलढाण्याले राहते, त्याईनं मले देखभालीले बोलावलं. माणूस चांगला. मी फोनवरच सांगतलं का संगं माही आई येईल, नाहीतं मी येत नाही. सुलतानपूरले भावाच्या घरी तिची खाट गोठ्यापाशी गेली होती. भावजयले खोकला सहन होत नाही म्हणे. साहेब म्हणे आणा, पाच नंबरची खोली रिकामी आहे. एवढ्यावर मी हाव म्हनलं. ही नोकरी आहे तोवर आईले छप्पर आहे.

खोल्या पाच. एक नंबरले रामराव, पन्नास एकर वावर, पोरं पुण्याले. दोनमधी पंजाबराव, एसटीचे डायव्हर होते, जेवाले उशीर झाला का हॉर्न वाजवल्यासारखे खाकरते. तीनमधी तानुबाई, बारीकशी, दिवसभर हसते. चारमधी शरयूबाई, शाळेत मास्तरीण होत्या. पाचमधी आई, अन् तिच्या खाटेखाली माही पेटी. सैपाकाले धम्मशीला येते, सकाळी येते अन् चारले घरी जाते. तिचं वरण लय चांगलं.

दर खोलीत टीव्ही. आईचा जन्म गेला पण स्वतःचा टीव्ही नव्हता. हातात रिमोट दिला तं तिनं तो पदरानं पुसून घेतला.

ही वही साहेबानं दिली. टीव्हीवरून रोज भांडणं होते, कोणी कधी काय पाह्यलं ते लिहून ठेवत जा म्हणे. मी चौथी शिकली. शरयूबाईनं वही पाह्यली अन् म्हणे, कौतिकाबाई, तुमच्या वेलांट्या वाळत घातल्यासारख्या दिसतात. मी म्हनलं, तुम्ही नका वाचू.

५ नोव्हेंबर, बुधवार

भांडण कायचं ते आज समजलं. दुपारी तानुबाईची सिरियल चालू, पंजाबरावची मॅच चालू, आईचं कीर्तन चालू. शरयूबाईनं बातम्या लावल्या तं पडद्यावर आलं, सर्व ट्यूनर व्यस्त आहेत, एखादा बंद करायचा का. त्यांनी केला. पंजाबरावची मॅच गेली. ते चार नंबरच्या दारात उभे राहून म्हणे, मास्तरीण, रिटायर झाल्या तरी दुसऱ्याचा तास खाणं सुटलं नाही तुमचं. त्या म्हणे, तुम्ही तरी कुठं स्टॉपवर गाडी थांबवत होतात. रामराव मधी पडले नाही, हसत होते.

मी प्रेम डिशवाल्याले बोलावलं. पन्नाशीचा माणूस, पोट मोठं, बोलणं त्याहून मोठं. त्यानं समजावलं. छतावर एक छत्री, ऑफिसात एक मोठा डब्बा, खोल्याईत बारके डब्बे. बारक्याईत काही नाही, सबन मोठ्यातून येते. मोठा डब्बा म्हणजे टाकी, तिले तोट्या तीन. ट्यूनर म्हणजे तोटी. एका वेळी तीनच चॅनल निघते. दोघाईनं एकच चॅनल पाह्यलं तं एका तोटीत भागते. चौथं मागितलं का कोणाचं तरी तोडा. वायरही लॉजच्या काळची, बारीक. पाच नंबर सगळ्यात शेवटी, म्हणून आईचं चित्र अटकत अटकत येते.

डब्बा रेकॉर्ड बी करते. त्यानं मले दोन याद्या दाखवल्या, एक झालेल्याईची, एक होणाऱ्याईची. कोणी नुसतं पाहत असलं तं डब्ब्यावर हिरवा दिवा, रेकॉर्ड होत असलं तं लाल. अन् एक ध्यानात ठेवा म्हणे. रेकॉर्डिंग मोठी, पाह्यणारा लहान. रेकॉर्डिंगची वेळ झाली का डब्बा पाह्यणाऱ्याची तोटी काढून घेते. पण रेकॉर्डिंगमधी जी पहिली सुरू झाली ती पहिली, नंतरची आली तरी तिले उठवत नाही.

मले एकदा सांगतलं का समजते. त्यानं चारदा सांगतलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

मी वेळा बांधून दिल्या. सकाळी शरयूबाईच्या बातम्या. दुपारी तानुबाईची सिरियल, आईचं कीर्तन, एक तोटी पंजाबराव अन् रामरावमधी. दोघाईनं एकच पाहायचं. ज्याचं चुकलं त्याचं मी रेकॉर्ड करून ठेवते, रिकाम्या वेळी दाखवते. तीन दिवस कोणाचा आवाज नाही. पंजाबराव म्हणे, कौतिकाबाई, तुम्ही डेपो मॅनेजर व्हायले पाहिजे होत्या.

आईचा खोकला कमी आहे. अंगावर थोडं मांस आलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

तानुबाई गेल्या.

झालं असं. दुपारी दोननंतर दोनच टीव्ही चालू होते, तानुबाईचा अन् आईचा. मी ऑफिसात भाजी निवडत होती. डब्ब्यावर दोन हिरवे दिवे अन् एक लाल. लाल कायचा? मी काही लावलं नव्हतं. यादी उघडली. जिथं चॅनलचं नाव असते तिथं लिहिलेलं, खोली ३. वेळ दोन दहा ते दोन बावीस. मले वाटलं तानुबाईनं कोणतं तरी बटण दाबलं. मी चिडून गेली. दार उघडं होतं. सिरियल चालू होती अन् त्या खुर्चीत बसलेल्या, हसल्यासारखं तोंड, डोळे उघडे. हात लावला तं गार नव्हत्या, पण नव्हत्या.

डॉक्टर आला, म्हणे हृदय. मुलगा जालन्याहून आला. वय होतं, सगळे म्हणे सुखानं गेल्या.

१२ नोव्हेंबर, बुधवार

झालेल्याईच्या यादीत ते होतंच. खोली ३, बारा मिनिटं. मी लावून पाह्यलं. पाहाले नको होतं.

चित्र टीव्हीच्या जागेवरून आहे. भिंतीवर टीव्ही टांगला आहे तिथून खाली पाह्यलं तं जसं दिसन तसं. खुर्चीत तानुबाई. आवाज नाही. त्या कोणाचं तरी ऐकून राह्यल्या, मान हलवून राह्यल्या, हाव हाव. मग उठल्या. खाट धरल्याशिवाय त्याईले उठता येत नव्हतं, पण उठल्या, पोरीसारख्या. अन् टीव्हीकडं आल्या. जवळ, आणखी जवळ, कपाळ, कुंकू, मग काळं.

अन् मले त्या खुर्चीत बसलेल्या सापडल्या.

धम्मशीलाले बोलावलं, तिलेही दाखवलं. ती शेवटपर्यंत पाहत राह्यली. मग म्हणे ताई, कोणी कॅमेरा लावला असन, म्हातारीचं असं ठेवू नाही, मिटवून टाका. मी मिटवलं. दोघींनी मिळून तीन नंबरची भिंत, टीव्ही, पंखा पाह्यला. कॅमेरा नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

होणाऱ्याईच्या यादीत नवं आलं. खोली १. मंगळवार १८. रात्री ९ वाजून २०. बारा मिनिटं.

खोली एक म्हणजे रामराव.

मिटवाले गेली तं मिटत नाही. बाकीचं मिटते, ते मिटत नाही. प्रेमले फोन केला. म्हणे खोली नावाचं चॅनलच नाही ताई, तुम्ही चष्मा लावा. उद्धवसाहेबाले फोन केला. त्याईनं शांतपणे ऐकलं अन् म्हणे, कौतिकाबाई, या घरात माणसं जातात, पहिल्यांदा जड जातं, तुम्ही दोन दिवस आराम करा. आराम कायले? मी थकली नाही, मले वाचता येते.

रामरावले सांगतलं नाही. काय सांगू.

१६ नोव्हेंबर, रविवार

डोकं चालवलं. डब्बा बंद तं रेकॉर्डिंग बंद. सकाळी आठले ऑफिसातला डब्बा बोर्डावरून उपटला. सगळे बोंबलले, मी म्हनलं बिघडला आहे. दोन वाजता लावून पाह्यला, यादी गेली का म्हणून.

गेली नाही. आता लिहिलेलं आहे खोली १, मंगळवार १८, दुपारी ३ वाजून २०.

रात्रीचे नऊ वीस होते. डब्बा सहा तास बंद होता. नऊ वीसमधून सहा गेले का तीन वीस. मी दोनदा बोटावर मोजलं. जेवढा वेळ बंद ठेवला तेवढा वेळ अलीकडं आला. त्या बुढ्याचे सहा तास मी खाल्ले.

आता बोर्डाले हात लावत नाही. इन्व्हर्टरचं पाणी पाह्यलं, लाइट गेली तं डब्बा बंद पडू नये.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दोनपासून रामरावच्या खोलीत बसली. त्याईचा टीव्ही भिंतीवरून सोडवला, पलटा करून खाटेखाली ठेवला. ते म्हणे, हे काय करून राह्यली बाई. मी म्हनलं साफ करतो. त्याईले वावराच्या गोष्टी विचारल्या. विहीर कशी खणली, पाणी लागलं तवा बैल कसा बुजला. चांगले बोलून राह्यले होते. मी त्याईचा हात धरून ठेवला होता, नाडीवर.

तीन वाजून वीस. बोलता बोलता थांबले. जिथून टीव्ही काढला त्या रिकाम्या भिंतीकडं पाह्यलं अन् म्हणे, तानुबाई, सरका थोडं.

माह्या बोटाखाली नाडी होती, मग नव्हती.

यादीत बारा मिनिटं जमा झाले. मी लावून पाह्यलं नाही.

धम्मशीलाले सांगतलं. तिनं भांडी तशीच टाकली, चप्पल घातली. म्हणे ताई, तुम्ही बी चाला, आईले घ्या अन् चाला. कुठी? ती म्हणे कुठीही. तिले घर आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

खोली २. शनिवार २२. दुपारी १ वाजून ५.

पंजाबराव.

सैपाक मीच करून राह्यली. भाकरी करपली. पंजाबराव म्हणे, ब्रेक लागला वाटते तव्याले. मले हसू आलं नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

वाचले.

मी काही केलं नाही, आपोआप झालं. मॅच होती, पंजाबरावनं मले परवाच रेकॉर्ड लावाले सांगतलं होतं, दुपारी डोळा लागते म्हणून. शरयूबाईचं एक भाषण होतं, ते लावलेलं. आईचं कीर्तन लावलेलं. तिन्ही दुपारी साडेबारा ते दोन. मी दोन नंबरमधी बसलेली, एक वाजून पाच झाले, सहा झाले, दहा झाले. ते घोरून राह्यले होते. एवढं गोड घोरणं मी ऐकलं नाही.

ऑफिसात धावत गेली. तीन लाल दिवे. यादीत लिहिलेलं, खोली २, रेकॉर्ड झाले नाही, ट्यूनर उपलब्ध नाही.

तोटी मोकळी नव्हती. म्हणून त्याले घेता आलं नाही.

मी तिथंच फरशीवर बसून रडली. मग खाली पाह्यलं तं होणाऱ्याईच्या यादीत, खोली २, मंगळवार २५, १ वाजून ५. पुढं सरकवलं त्यानं. सरकवू दे. मी बी आहे इथं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आता तिन्ही तोट्या दिवसरात्र माह्या. तीन चॅनल निवडले, ज्याईवर कार्यक्रम लांब असते. एकावर दिवसभर कढया अन् कुकर विकते. एकावर शेतीचे औषधं. एक भाषा समजत नाही ते. दोन कार्यक्रमाच्या मधी तोटी दोन मिनिटं बी मोकळी राहू नये, म्हणून वेळ लावताना हाताने बारा बारा तासाची लावते, सकाळची संपायच्या आत रात्रीची तिलेच जोडलेली.

डब्ब्याचं पोट भरते. भरलं का तो रेकॉर्डिंग थांबवते, अन् थांबली का तोटी मोकळी. म्हणून दर बारा तासानं संपलेलं मिटवते. मोबाइलमधी गजर लावला. आज नव्वद टक्क्यावर गेलं होतं.

पंजाबरावले सगळं सांगतलं. वाटलं हसतील. त्याईनं यादी आपल्या डोळ्यानं वाचली. म्हणे पस्तीस वर्षं गाडी चालवली, किती वेळा मौत आली असन अन् तोटी भेटली नसन. मग म्हणे, कौतिकाबाई, मॅच नाही पाह्यली तं चालते.

शरयूबाईले सांगतलं नाही. त्याईले वाटते मी डोक्यानं बयाड झाली. आईले बी नाही. आईले काय सांगू, ती वाचत नाही, भीती तेवढी घेईन. तिच्या टीव्हीचं बटण बोर्डावरून बंद केलं, बिघडला सांगतलं. ती म्हणे बरं. रिमोट उशाले ठेवते.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

पंजाबरावचं २५ टळलं, २८ लागलं.

अन् खोली ५. सोमवार १ डिसेंबर. दुपारी ४ वाजून ४०.

खोली पाच. मी बी त्याच खोलीत झोपते. देवा, मी असन तं चालन. ती नको. तिनं आत्ता कुठं पाय लांब केले.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी भावाले फोन केला, आईले चार दिवस ठेव. त्यानं फोन बायकोजवळ दिला. ती म्हणे गोठ्यापाशी आता म्हैस बांधली.

तरी आईले घेतलं अन् निघाली. शेगावले जाऊ म्हनलं, तिथं राहाले जागा भेटन. दुसरबीडच्या स्टँडवर बसलो. पंजाबरावले सांगून ठेवलं होतं, आम्ही निघालो का यादी पाहा. त्याईचा फोन आला. आवाज बारीक. म्हणे खोली ५ गेलं यादीतून.

मी म्हनलं झालं.

ते म्हणे नाही. त्या जागी नाव आलं. गोजरबाई. वेळ तीच.

आई माह्या बाजूले बसून शेंगदाणे खाऊन राह्यली होती. गोजरबाई. तिचं नाव तं मी या घरात कोणाले सांगतलंच नव्हतं, सगळे तिले आईच म्हणते.

परत आली. कुठीही गेली तरी ते येईनच, इथं निदान तोट्या माह्या हातात आहे. आई म्हणे, कौतिके, हे काय जाणं अन् येणं, माह्या पायाचा तं विचार कर. मी तिच्यावर खेकसली. मग तिचे पाय दाबले.

२९ नोव्हेंबर, शनिवार

शरयूबाईनं साहेबाले फोन लावला. मले ऐकू यावं म्हणून मोठ्यानं. म्हणे सहा दिवस झाले, या बाई टीव्ही अडवून बसल्या आहेत, दिवसभर कढया दाखवतात, इथं जगायचं कशासाठी. मग मले म्हणे, माझा राग नाही तुमच्यावर, पण मला बातम्या लागतात, त्या घरात माणूस बोलल्यासारख्या वाटतात.

खरं आहे ते. मी असती तं मी बी बोंबलली असती.

साहेबाचा फोन आला. रागावले नाही. म्हणे मी बघतो, तुम्ही भांडू नका.

पंजाबराव आता सोमवारी, १ वाजून ५. आई ४ वाजून ४०. एकाच दिवशी. तोट्या तीन, तिन्ही भरलेल्या. टळन. दोन्ही टळन.

३० नोव्हेंबर, रविवार

डब्ब्याचं पोट पंचाण्णव. मिटवलं. चाळीस. तीन लाल.

झोप नाही. पंजाबराव अन् मी पाळीपाळीनं.

१ डिसेंबर, सोमवार

सकाळ ७. तीन लाल. उद्या सकाळपर्यंत लावलेलं. इन्व्हर्टर भरलेलं. आईनं चहात पोळी खाल्ली.

११. गाडी आली. जालन्याची, दोन माणसं, खोके, वायरीची गुंडाळी. साहेबानं पाठवले. माणसं म्हणे तुमच्याकडं भांडणं होतात ना, आता नाही होणार. नवा डब्बा, ट्यूनर सहा. दर खोलीले जाड वायर. 

सहा.

मी ऑफिसाले कुलूप लावलं, आत बसली. पंजाबराव बाहेर खुर्ची टाकून दारात.

११:३०. साहेबाचा फोन. म्हणे कौतिकाबाई, तुमच्यासाठीच केलं हो, तुमच्या आईंच्या खोलीला पहिली वायर टाकायला सांगितलं. मी म्हनलं साहेब आजचा दिवस नको, उद्या लावा, पाया पडते. म्हणे माणसं जालन्याहून आलीत, असं कसं. मी म्हनलं आई मरन. ते म्हणे उद्या मी स्वतः येतो, आपण डॉक्टरला भेटू.

माह्यासाठी डॉक्टर.

११:५०. त्याईले ऑफिस लागतच नाही. नवा डब्बा व्हरांड्यात टांगला. छतावर छत्रीची वायर सोडून राह्यले — माह्या डब्ब्याचे दिवे गेले. तिन्ही. छत्रीपासून तुटला म्हणजे बंदच — मी बाहेर धावली, ओरडली, वर चढाले गेली, पंजाबरावनं धरलं, म्हणे पडाल. छतावरचा म्हणे दहा मिनिटं ताई.

१:००. दहा मिनिटाचे सत्तर झाले. लावला. सहा दिवे, सहाही विझलेले, मोकळे. पडदा उजळला, यादी त्यात आधीच. गोजरबाई, ३ वाजून ३०. सत्तर मिनिटं अलीकडं. पंजाबरावची वेळ सत्तर मिनिटं मागं गेली म्हणजे अकरा पंचावन, ती तं निघून —

पहिला दिवा लाल झाला.

पंजाबराव खुर्चीत. दारात. माह्याकडं पाह्यलं त्याईनं, मग माह्यामागं.

१:२०. शरयूबाई डॉक्टरले फोन करून राह्यल्या, रडून राह्यल्या. जालन्याचे दोघं टोप्या काढून उभे. मी त्याईचे डोळे बी नाही मिटले. रिमोट घेतला.

२:१०. नव्या डब्ब्याची बटणं वेगळी. सापडत नाही. माणसाले विचारलं रेकॉर्डिंग कशी लावायची, तो पाहतच राह्यला, मले राक्षसीण समजला असन. सांगतलं त्यानं. मग दोघं बाकीच्या खोल्याईत गेले.

२:३५. दोन लाल. कढया. औषधं.

२:५०. चार.

३:०५. पाच. सहावीले चॅनल कोणतं बी. जाऊ दे, ते भजनाचं.

३:०९. सहा. सहाही लाल. सहाही उद्यापर्यंत.

३:१२. डॉक्टर आला. मले हलता येत नाही, डब्ब्यासमोर बसली आहे. गाडीवाले गेले. जाताना म्हणे पाच नंबरच्या आजींचा टीव्ही चालू करून दिला ताई, बोर्डावर बंदच होता. आजी लय खुश झाल्या. रिमोट शिकवला त्याईले.

३:१५. सहा लाल.

३:१८. सहा. आईच्या खोलीतून टीव्हीचा आवाज येऊन राह्यला. कढया. तिले कढया कायले पाहाले — सहाच्या सहा मी धरल्या, तिले दुसरं काही लागणारच नाही. साडेतीनले तिचं कीर्तन असते.

३:२२. सहा.

३:२४. पाच.

पाच. एक लाल गेला, हिरवा झाला. भजनाचा. काऊन — पडद्यावर आलं, रेकॉर्डिंग थांबवले, खोली ५ मधून. तिनं कीर्तन मागितलं असन, डब्ब्यानं विचारलं असन एखादं बंद करू का, तिले वाचता येत नाही —

३:२५. सहावी परत लावली. लाल. आवाज दिला, आई, रिमोट ठेव. ऐकू जात नाही, टीव्ही मोठा आहे.

३:२७. पाच. परत काढली तिनं. इथून उठली तं लावणार कोण, न उठली तं ती परत —

शरयूबाईले ओरडली, आईजवळून रिमोट घ्या. त्या पंजाबरावजवळ बसल्या आहे. आल्या. विचारून आल्या. म्हणे आजी म्हणतात त्या माणसाने सांगितलंय, पडद्यावर काहीही लिहून आलं तर मधलं बटण दाबा. रिमोट देत नाहीत, हसतात, म्हणतात कौतिकेनं एवढे दिवस —

३:२९. लावली. सहा लाल. वही हातातच आहे, उठते, जाते तिच्याकडं, पळत, सहा आहे, सहा —

पाच. आई, मधलं नको, आई मधलं